भाता जानकूचा, बोटं शीलाची

जानकू पेटीवाल्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता – "ते".

पाणी हवं असलं तरी "ते". ऊन तोंडावर आलं तरी "ते". आणि शीलाने भलतंच काही पुढं केलं की डोळे वटारून "ते! ते! ते!" भाद्रपद सरता सरता ही गोष्ट झाली. सकाळी उठून तो दात घासायला ओट्यावर बसला आणि बसल्याजागी उजवीकडं कलंडला. अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा. पाय फरफटत का होईना, पण काठीला धरून चालू लागला. हात आणि जीभ मात्र आली नाही.

अवसरी बुद्रुकच्या शिवारात ओढ्याच्या अंगाला ख्रिस्ती माणसांची आठ-दहा घरं आहेत आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचं देऊळ. पाळकसाहेब त्याला चर्च म्हणतात, वस्तीवरची माणसं वाडवडलांपासून देऊळच म्हणत आली. पाळकसाहेबांच्या पदरी गावं फार, त्यामुळं त्यांची खेप महिन्यातून एकदा. बाकीच्या रविवारी वस्तीच आपली उपासना चालवायची, आणि ती चालायची जानकूच्या पेटीवर. शिवाय दर गुरुवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी सभा असायची. पेटी डोक्यावर घेऊन जानकू पुढं, टाळ घेऊन शीला मागं. पुरुषांनी वाजवायचं, बायांनी गायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण तसंच होतं. शीला नवी नवरी होऊन आली तेव्हापासून जानकूच्या डाव्या खांद्याशी बसून गात आली. पेटीला तिचा हात लागला तो फक्त धूळ पुसायला.

आता ती पेटी माळ्यावर होती, गोधडीत बांधून.

शीलानेच ती वर टाकली होती. दवाखान्यातून आल्या दिवशी जानकूची नजर पेटीवर गेली, आणि त्याने तोंड भिंतीकडं फिरवलं ते रात्रीपर्यंत वळवलं नाही. डोळ्यासमोर नको, म्हणून तिने शेजारच्या पोराला शिडीवर चढवलं. पुढच्या गुरुवारी त्यांच्या घरची पाळी होती. ती देवळाच्या दाराशी जाऊन बायांना म्हणाली, "आमचं घर वगळा बायांनो. गाणं ऐकून त्यांच्या जिवाला लागंल. अन् आमच्या दारावरनं जाताना बी जरा गुमान जा."

माणसं प्रेमाची. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून गुरुवारची सभा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला भरू लागली. रविवारी देवळात कोणीतरी मोबाईलवर गीत लावायचं आणि बाकीचे त्याच्या मागं म्हणायचे. शीला जानकूला घेऊन घरीच बसायची, दार लोटून.

भेटायला येणारे यायचे. जानकूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "कसं काय जानकूऽ? ओळखलं काऽ?" जणू त्याचे कानच गेलेत. मग शीलाकडं वळून हळू आवाजात, त्याच्या समोरच, "ह्याला कळतंय का गं काय?"

"समदं कळतंय," शीला म्हणायची. "तुमी बेताने बोला."

पाळकसाहेब आले, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शीलाने डोळे मिटले, आमेन म्हटलं. पण मनात तिचं भांडण चाललेलं असायचं. हात घेतलास तर घेतलास, प्रभू. माणसाचं तोंड कशाला घेतलंस? तुझंच तर गात व्हता जन्मभर.

त्यात यंदा पाऊस हटायला तयार नव्हता. दिवाळी पाण्यात गेली. कांद्याची रोपं वाफ्यातच पिवळी पडून सडली, लोकांनी दुसऱ्यांदा बी टाकलं. त्यामुळं लागणीची कामं महिनाभर लांबली आणि मग सगळ्या शिवाराची एकदमच निघाली. सरूबाईच्या टोळीत शीला पहिल्यापासूनची. सरूबाई म्हणजे वरल्या आळीची, तोंडाने तिखट, हाताने लागणीला सगळ्यांत चपळ.

"यायचं असंल तर उद्या ये," तिने निरोप धाडला. "भरतचा मळा हाय. नवऱ्याचं तोंड बघत बसलीस तर दोघं बी उपाशी मराल."

नवऱ्याला घरी ठेवून, दार लोटून जायचं असं शीलाने ठरवलं होतं. पण त्याच पहाटे उसातून बिबट्या आला आणि शेजारच्या गोठ्यातलं वासरू ओढून नेलं. उजाडल्यावर ओल्या मातीत पंजे उमटलेले सगळ्यांनी पाहिले. परसाकडं जायला जानकू काठी टेकत बाहेर पडला, आणि त्याला ओरडताही आलं नाही, तर? शीलाने भाकरी बांधली आणि नवऱ्याला सदरा घालू लागली. डावा हात आधी, मग निर्जीव उजवा, लहान पोराला घालावा तसा. भरतची पिकअप बाया न्यायला आली, तेव्हा तिने नवऱ्यालाच पुढं केलं.

"भरत, ह्यांना बी घे. बांधावर बसतील."

भरत पंचविशीचा, कानात सदा मोबाईलची वायर. तो खाली उतरला आणि जानकूला कंबरेला धरून पुढच्या सीटवर बसवलं. "बसा बाबा. पर गाडीत उलटी-बिलटी करू नका हां."

"ते," जानकू म्हणाला.

"हां, तेच."

मागं हौद्यात बाया हसल्या. शीलाला वाईट वाटलं, पण हसूही आलं.

मळ्याला दोन बाजूंनी ऊस होता. पाणी सोडलेल्या वाफ्यात बाया ओळीने वाकल्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्याच्या अंगठ्याने आणि बोटाने एकेक रोप चिखलात दाबायचं, आणि मागं सरकायचं. थंडी नुकती पडायला लागली होती, चिखल हाडापर्यंत गार लागत होता. जानकू बांधावरल्या आंब्याखाली पोत्यावर बसला होता, तोंड शेताकडं, नजर कुठंच नाही.

वनखात्याची माणसं सांगून गेली होती, काम करताना आवाज ठेवा, गाणी लावा. सरूबाईचा मोबाईल डबक्याकाठी धोंड्यावर ठणाणत होता. दहा-वीस वाफे झाले असतील नसतील, तो बंद पडला.

"मेला का?" सरूबाई कंबर धरून उठली. "रातच्याला लाइट नव्हती, चार्जिंग कुठनं व्हणार! ए बायांनो, कोणीतरी म्हणा काहीतरी. ऊस लई शांत हाय, मला न्हाई आवडत."

कोणी गौळण काढली, ती दोन ओळींत संपली. कोणी सिनेमातलं काढलं, त्याचे शब्द कोणालाच येईनात.

"शीले, तू म्हण की! तुझा गळा हाय."

"मला नको सांगू सरूबाई. मी सोडलंय."

"का सोडलंय? नवऱ्याची वाचा गेली म्हणून तुजी बी गेली का? तुमच्या देवाचं म्हण. बिबट्याला काय कळतंय कोणच्या देवाचं हाय ते!"

बाया खिदळल्या. शीला बांधाकडं पाहून घुटमळली. पण तेवढ्यात उसात काहीतरी खसखसलं, वारा असेल नाहीतर डुक्कर, आणि दोघी-तिघी किंचाळून तिला चिकटल्या. तिच्या तोंडून आपसूक निघालं. जानकूच्या बापाने रचलेलं भजन होतं. तो मेंढरं राखायचा आणि राखता राखता रचायचा.

"हाक दे रे मेंढपाळा, रान झालं दाट रे..."

इतक्या दिवसांत आवाज बसला होता. पहिली ओळ कशीबशी झाली आणि तिथंच तुटली. तिने पुढचं रोप दाबलं. तेवढ्यात बांधावरून दुसरी ओळ आली.

"दिस गेला डोंगरामागं, दाव घरची वाट रे."

जाडाभरडा, खाली उतरलेला आवाज. पण सूर नेमका, आणि शब्द सगळे. एकही गाळला नव्हता.

शीलाच्या हातातली जुडी चिखलात पडली. जानकूही घाबरला होता. डावा हात त्याने तोंडावर ठेवला होता, हे कोण बोललं ते शोधत असल्यासारखा.

"अवं!" शीला वाफे तुडवत धावली. चिखलाच्या हातांनी तिने त्याचे खांदे धरले. "बोलला! अवं, बोलला तुमी! पुन्ना बोला. माझं नाव घ्या. पाणी म्हणा. पाणी!"

"ते," जानकू म्हणाला.

"ते न्हाई. पाणी. पा-णी."

"ते. ते. ते!" त्याचा चेहरा लाल झाला. त्याने तिला डाव्या हाताने ढकललं आणि पाण्याचा तांब्या लवंडला.

वस्तीवर संध्याकाळपर्यंत बातमी झाली की जानकूला वाचा फुटली. घर भरलं. जो तो पुढं होऊन विचारू लागला, "जानकूबाबा, मला वळखलं का? माझं नाव सांगा." पाळकसाहेबांनाही फोन गेला, ते मोटरसायकलवर दहा कोसांवरून आले. जानकू घामेघूम झाला. प्रत्येकाला "ते" मिळालं. शेवटी कोणीतरी मागून कुजबुजलं, "शीलेला भास झाला आसंल." तेव्हा जानकूने समोरचं ताट भिरकावलं. भात भिंतीला चिकटला. माणसं गुपचूप चपला घालून गेली.

पाळकसाहेब मागं राहिले. दाराशी उभं राहून म्हणाले, "शीलाबाई, उतावळेपणा झाला आपला सगळ्यांचा."

"पाळकसाहेब, मी खोटं न्हाई सांगत. टोळीतल्या बायांनी ऐकलंय."

"मी कुठं खोटं म्हणतो? पण त्यांची परीक्षा घेतल्यासारखं नका करू. सलाम, येतो मी."

"सलाम," शीला वस्तीच्या रिवाजाने म्हणाली.

शीला भिंतीवरचा भात खरवडत बसली. जानकू खाटेवर पडून आढ्याकडं पाहत होता. कितीतरी वेळ ती विचार करत होती, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की शेतात आपण त्याला काही विचारलंच नव्हतं. आपण गात होतो. विचारायला लागलो तिथं बिघडलं. आणि दोन-अडीच महिने ह्या घरात आपण काय केलं? पेटी वर टाकली. सभा तोडली. दारावरून जाणाऱ्यालासुद्धा गुमान जा म्हणून सांगितलं. प्रेमाने केलं, पण केलं.

सकाळी चूल पेटवताना तिने त्याच्याकडं न पाहता भजन धरलं. पहिली ओळ म्हणून थांबली. चुलीत फुंकर घातली. मागून दुसरी ओळ आली. तिने मुद्दाम मान वळवली नाही. दुसरं कडवं काढलं,

"नदी आटली, विहीर आटली, घसा झाला कोरडा..."

"तुझ्या शब्दी भरला, बाबा, माझ्या मनीचा ओढा," जानकूने पुरं केलं.

मग तिने त्याच चालीत आपलेच शब्द घातले. "च्या घ्या हो, च्या घ्या, च्या झाला तयार रे."

जानकू तिच्याकडं बघत राहिला. ओठ हलले. मांडीवर डाव्या हाताने ताल धरला, आणि तुटत तुटत आलं, "च्या... दे गं... च्या दे गं..."

"देते की!" शीला म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली. "प्रभू, तुझी बी कमाल हाय. मी मागत व्हते बोलणं, अन् तू गाणं दिलंस. चालंल. आमी तेवढ्यावर भागवू."

त्या दिवसापासून त्या घरात सगळं चालीवर सुरू झालं. फार काही नाही, दोन-चार शब्द. 'पाणी दे', 'ऊन लई', 'पाठ दुखतीय'. काही दिवस जमायचं, काही दिवस जमायचं नाही. जमलं नाही की तो रागवायचा, आणि ती विषय सोडून भजन धरायची. मळ्यात बांधावर बसून जानकूला संध्याकाळी कंटाळा आला की तो मोठ्याने सुरू करायचा, "दाव घरची वाट रे!" बाया माना वर करायच्या.

"चला गं," सरूबाई म्हणायची. "मुकादमानं सुट्टी केली."

गुरुवारी शीलाने सभा घरी मागून घेतली. बाया आल्या, टाळ आले, आणि शेजारच्या पोराने शिडी लावून गोधडी खाली काढली. उघडून पाहिलं तर पेटीची दशा झाली होती. पावसाची ओल धरून पट्ट्या फुगल्या होत्या, भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं होतं. जानकूने डाव्या हाताने भाता ओढला. पेटीतून नुसती हवा गेली. त्याने तोंड फिरवलं, पण ह्या वेळी भिंतीकडं नाही. शीलाकडं. "ते," तो म्हणाला. ते काय, हे तिला विचारावं लागलं नाही.

भरतची पिकअप औषधं आणायला जुन्नरला निघाली होती. पेटी मांडीवर घेऊन दोघं बसली.

जुन्नरच्या पेठेत सत्तारभाईंचं दुकान, बोळाएवढं. जानकूच्या बापाच्या वेळेपासून पेटी त्यांच्याच घरी दुरुस्त व्हायची. आधी त्यांच्या वडिलांकडं, मग त्यांच्याकडं. सत्तारभाईंनी चष्मा वर केला.

"आओ पेटीवाले! इतके दिवस कुठं व्हता?" मग जानकूचा लोंबता हात आणि फरफटता पाय त्यांना दिसला. पण ते ओरडून बोलले नाहीत. स्टूल पुढं केलं, जानकूला बसवलं, चहा सांगितला, आणि त्याच्याशी आपलं नेहमीसारखंच बोलू लागले. पाऊस, बिबट्या, पोरगा रिजवान पुण्याला मोबाईलच्या दुकानात लागला, त्याला पेटीत गोडी नाही. जानकू मान हलवत होता.

दुपारपर्यंत कातडं बसलं, पट्ट्या तासून झाल्या. आता सूर तपासायचे. सत्तारभाईंच्या एका हातात कानस होती, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर.

"रिजवान असता तर भाता मारला असता," ते म्हणाले, आणि पेटी वळवून जानकूपुढं केली. "धरा पेटीवाले. तुमचा डावा तर शाबूत हाय."

जानकूने भात्यावर हात ठेवला. एकदा ओढला. दुसऱ्यांदा ओढताना त्याचं अंगच बदललं. पाठ सरळ झाली, मान जरा कलली, जशी पूर्वी कलायची. सत्तारभाई एकेक पट्टी दाबत गेले, आणि एकेक सूर असा भरून आला की समोरचा पानवाला टपरीतून बाहेर डोकावला. हवा कुठं कमी द्यायची, कुठं सोडायची, हे तो हात विसरला नव्हता.

शीला दाराशी पिशवी धरून उभी होती. सत्तारभाईंची बोटं तिला दिसत होती, आणि नवऱ्याचा हात. एकाच्याने वाजत नाही तर दोघांच्याने वाजतंय की.

"भाई," ती म्हणाली, "ह्यातली 'सा'ची पट्टी मला दाखवून ठेवा. तिला खूण करा कायतरी."

सत्तारभाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या चिखलाने फुटलेल्या बोटांकडं. "भाबी, तुमी?"

"मंग कोण? मी काय पाटलीणबाई हाय, बोटं मळतील म्हणून भ्यायला?"

नाताळ दोन आठवड्यांवर आला होता. दिवसभर शीलाची बोटं रोपं दाबायची आणि संध्याकाळी पट्ट्या. पेटीच्या ह्या बाजूला ती, त्या बाजूला जानकू. तो चाल म्हणायचा, ती चाचपडत सूर शोधायची. सापडला की हवा भरून यायची. चुकला की जानकू भाता बंद करायचा. पेटी मुकी, आणि हा डोळे वटारून बसलेला.

"अवं, वारा द्या की! वारा न्हाई तर मी शोधू कशात?"

तो ढिम्म. तिने बोट हलवून बरोबर पट्टीवर आणलं की मगच भाता हलायचा.

"लग्नात असं सांगितलं असतं तर मी हो म्हटलं नसतं," शीला करवादायची. पण उठायची नाही. बोटांच्या चिरांतून रक्त यायचं, ती खोबरेल लावून पुन्हा बसायची. एवढ्या वर्षांत ती ह्या माणसाशी इतकी भांडली नव्हती, आणि इतकी शेजारीही बसली नव्हती. नाताळपर्यंत भजन बसलं, तेही फक्त एकच.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं. पाळकसाहेब आले होते. पताका लावल्या होत्या. मागच्या सतरंजीवर सरूबाईही येऊन बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, करंज्यांच्या वासावर आले म्हणत. पुढं पेटी मांडली, आणि तिच्या दोन बाजूंना दोघं बसली तेव्हा म्हाताऱ्या माणसांत कुजबुज झाली. बाईमाणूस पेटीवर? पाळकसाहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून डोळे मिटले. "भजन घ्या, जानकूबाबा."

जानकूने भाता ओढला. शीलाने सा धरला. पहिली ओळ निघाली, आणि सगळ्या मंडळीने ती उचलली. इतक्या महिन्यांनी मोबाईलच्या मागं न फरफटता देवळातलं गाणं आपल्या पायांवर चाललं. टाळ लागले. पत्रा घुमायला लागला. जानकूचा खडबडीत आवाज सगळ्यांच्या खालून येत होता. शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पट्ट्या पुसट झाल्या, आणि दुसऱ्या कडव्याला, ओढ्याच्या ओळीवर तिचं बोट भलत्याच ठिकाणी पडलं.

जानकूचा हात भात्यावर थबकला. पण बंद कसा करणार? सगळं देऊळ गात होतं. हवा तोडली तर सगळेच पडले असते. त्याने भाता चालू ठेवला, मान वळवली, आणि चालीबिलीवर नाही, सुरात नाही, चांगलं खडखडीत बोलला –

"चुकलं!"

पुढच्या दोन रांगांतल्या माणसांनी ऐकलं. गाणं तिथंच गळपटलं. पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

"काय म्हणला?" मागून सरूबाईचा आवाज आला. "काय म्हणला गं तो?"

जानकूचा हात मात्र चालूच होता. पेटी वाट बघत घुमत होती. शीलाने नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी होती, जुनी, ओळखीची, पेटीपुढं बसलेल्या माणसाची. आपण काय बोललो ते त्याला कळलंही नव्हतं.

तिने डोळे पुसले, कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं. मंडळी तिच्या मागून आली, हळूहळू, कान टवकारून. ओढ्याची ओळ आली. बरोबर पट्टी आता तिला लख्ख दिसत होती.

तिने बोट उचललं आणि मुद्दाम शेजारच्या पट्टीवर ठेवलं.